पोटखराब्यातली मुसळी

मृग जवळजवळ कोरडा गेला आणि आर्द्रा लागताच पावसाने मागची सगळी थकबाकी एकरकमी चुकती केली, त्या दिवसांतली ही हकीकत आहे. बोईसर स्थानकाच्या बाहेर, रिक्षांच्या रांगेपलीकडे, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन बसलेल्या बायकांच्या पुढ्यात रानभाज्यांचे जे वाटे मांडलेले होते, त्यांत हंगामाची अखेरची शेवळे होती, ती खाताना घसा खाजू नये म्हणून त्यांच्याबरोबर शिजवायची काकडाची आंबट हिरवी फळे होती, आणि त्यांच्या शेजारी, कोणी बांधावरचे गवतच उपटून विकायला आणले आहे की काय असा नवख्याला संशय यावा, अशा लांब, अरुंद, बुंध्याकडे पांढऱ्या पडत गेलेल्या पानांच्या चिखलाने माखलेल्या जुड्या होत्या. "ही कोणती?" असे विचारताच बाई म्हणाली, "कोलीची भाजी." तिच्या शेजारणीने माझ्या बुटांवरून माझा मुलूख ओळखला असावा, तिने लगेच "फोडशी, दादा, फोडशी," असा त्याचा मुंबईकरांसाठी तर्जुमा करून दिला.

या जुडीसाठीच मी आलो होतो. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी तिची नोंद क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम अशी आहे, आणि त्या लांबलचक लॅटिन पेहरावाच्या आत आपली बोरिवली बसलेली आहे हे कळल्यापासून मला त्या नावाचा विलक्षण लळा लागला होता. गेल्या शतकाच्या मध्यास, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे स्पॅनिश जेझुइट पाद्री हर्मेनेगिल्ड सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी बोरिवलीच्या रानात सापडलेल्या या झाडाचे वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. बोरिवलीचे पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊकच आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीआड जेवढी उरली तेवढीच त्या नावाची मूळ भूमी. मात्र बाजारात हे झाड या नावाने ओळखले जात नाही, पानांवरूनही ओळखले जात नाही; त्याच्या मुळांना सफेद मुसळी म्हणतात, वैद्यकात त्यांची ख्याती बलवर्धक आणि वाजीकर अशी आहे, आणि त्या ख्यातीपायीच पश्चिम आणि मध्य भारताच्या रानांतून ती इतकी खणली गेली की वनस्पतिशास्त्रज्ञांना या झाडाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीत घालावे लागले. पाने खाणारा एक मुलूख आणि मुळे खाणारा दुसरा. दोघांची आयुष्यात गाठ पडत नाही, आणि दोघांच्या मध्ये हे वीतभर झाड उभे असते.

माझे यजमान, ज्यांना गावात सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी उभी नोकरी तलाठ्याच्या दप्तरात घालवलेली. झाड कुठे पाहायला मिळेल या माझ्या प्रश्नाचे सरळ उत्तर न देता त्यांनी, महसूल खात्यात मुरलेल्या माणसाला शोभेल असाच, प्रश्नाचा मसुदा दुरुस्त केला. "झाड उद्या पाहू," ते म्हणाले. "आज जमीन पाहून घ्या. समुद्रापासून सुरुवात करायची आणि चढत जायचे. कुठे नाही ते आधी कळले म्हणजे कुठे आहे ते आपोआप कळते."

म्हणून पहिला दिवस आम्ही मुसळी जिथे नाही अशा ठिकाणी घालवला, आणि तो वाया गेला असे मला आजही वाटत नाही. तारापूरच्या किल्ल्याची काळवंडलेली तटबंदी, जिच्यावर जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने हल्ला केला आणि जिच्यापाशी बाजी भिवराव रेठरेकर पडले, ती डावीकडे टाकून आम्ही खाडीवर आलो. भरती ओसरत होती. चिखलात तिवरांच्या श्वासमुळांचे खिळे हारीने उभे होते, आणि ज्या उंचीपर्यंत खारे पाणी चढते त्या उंचीवर तिवरांची हद्द अशी काटेकोर थांबलेली होती की भूमिअभिलेखाच्या मोजणीदारानेही तिचा हेवा करावा. चिंचणीच्या वाळूवर मर्यादवेलीची जांभळी फुले पसरली होती. तिचे हे नाव ज्याने ठेवले त्याने समुद्र आणि जमीन यांच्यातला कारभार फार बारकाईने पाहिला असला पाहिजे. तिच्या मागे सुरूचे बन. वाऱ्यात त्याचा घोष गंभीर वाटतो, सहलीला आलेली मंडळी त्यालाच कोकणचे खरे रूप समजतात. परंतु सुरू हा या किनाऱ्यावर सरकारी लागवडीने आलेला पाहुणा आहे आणि त्याच्या सुयांच्या जाड थराखाली दुसरे फारसे काही उगवत नाही. मला ते बन कधी आवडले नाही.

खाडीच्या उत्तरेकडचे चिंचणी डहाणू तालुक्यात, ज्या तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचनेने संरक्षण दिले. दक्षिणेकडचे तारापूर पालघर तालुक्यात, ज्याच्या किनाऱ्यावर १९६९ पासून देशातली पहिली अणुवीज निर्माण होत आहे आणि ज्याच्या नावाने बोईसरपर्यंत औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. वाड्यांतले माड, पोफळी आणि चिकू, खाजणांतली भातखाचरे, मग ती वसाहत, तिचा उग्र वास, नाल्याच्या पाण्याचा दिवसागणिक बदलणारा रंग, आणि मग रेल्वेचे रूळ: एवढा टापू आम्ही रिक्षातूनच ओलांडला. इथे जमीन सपाट आहे, चिकणमातीत पाणी साठते, आणि गड्ड्यात अन्न साठवून आठ महिने निजणाऱ्या झाडाला साठलेले पाणी मानवत नाही. त्याचे गड्डे कुजून जातात. "इथवर नाही," आप्पा म्हणाले, आणि फेरफाराची नोंद मंजूर करावी तशी त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही वाघोबा खिंडीत उतरलो. काळदुर्गावर जाणारी वाट इथूनच निघते. वर, ढगांतून मधूनच, त्या किल्ल्याचा चौकोनी कातळ एखाद्या प्रचंड चौरंगासारखा दिसे आणि नाहीसा होई. खिंडीतल्या वाघोबाच्या देवळापाशी थांबून नारळ ठेवल्याखेरीज पुढे जाणारी वाहने थोडीच. वारल्यांचा हा देव. वाघ या डोंगरांतून गेला, बिबट्या राहिला, आणि वाघोबाचे अधिकार मात्र दोघांच्या काळात अबाधित चालत आले आहेत.

चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली हिंदुस्थानच्या जंगलांची जी वर्गवारी केली, तिच्यात या उतारांची गणना दक्षिणी आर्द्र पानझडी वनांत होते. वर्गवारीतले हे नाव वाचून डोळ्यांसमोर जे रान उभे राहते त्यापेक्षा प्रत्यक्षातले रान अधिक विस्कळीत आणि अधिक मोकळे असते. साग आहे, आणि तो फार आहे. वसई-आगाशीच्या गोद्यांत पोर्तुगीज गलबते बांधीत तेव्हापासून या मुलखाच्या सागावर दर्यावर्दी सत्तांचा डोळा होता. सागाबरोबर ऐन, कळंब, हेद, बिबळा, धामण, खैर, कुडा. खालच्या अंगाला पळस आणि मोह. ऐनाची झाडे मात्र विचित्र दिसतात: उंच सोट, आणि अंगाला चिकटून फुटलेले आखूड फांद्यांचे झुबके, जणू कोणी झाडाला बाराबंदी चढवली आहे. हा राबाचा परिणाम. भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी उन्हाळ्यात या झाडांच्या फांद्या पिढ्यान् पिढ्या छाटल्या जात आल्या. इंग्रजी अमलातल्या जंगल अधिकाऱ्यांनी या चालीविरुद्ध पुष्कळ कागद काळे केले, आणि झाडाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. परंतु छाटलेल्या ऐनाखाली जो तुटक, हलता, अर्धा उजेड जमिनीपर्यंत पोचत होता, तो शेजारच्या दाट सागाखाली पोचत नव्हता, आणि आम्ही शोधीत होतो ते झाड नेमके त्या अर्ध्या उजेडाचे होते.

पहिला शोध फसला. एका ऐनाच्या बुडाशी तशीच अरुंद पाने दिसली, मी आनंदाने गुडघ्यावर बसलो, आणि पानांच्या पोटात, मातीला टेकूनच, चांदणीसारखे पिवळे फूल हसत होते. ती काळी मुसळी. नावापलीकडे तिचे पांढरीशी नाते नाही. आप्पांनी माझी समजूत घातली की खात्यात नवीन लागलेल्या माणसाचा पहिला पंचनामा नेहमीच चुकतो.

रान संपते आणि गवत सुरू होते त्या काठावर, मुरमाड उतारावर, जिथे पाऊस पडता पडताच वाहून जातो आणि दगडांच्या सांदीत तेवढी माती अडून राहते, तिथे ती अखेर भेटली. एक नव्हे, पंधरा-वीस पावलांत तीसेक झाडे असावीत. पाने जमिनीतून थेट वर आलेली, बाहेरच्या अंगाला झुकलेली. बहुतेकांना अजून फुलोरा नव्हता. दोघा-तिघांनी मात्र घाई केली होती: हातभर दांड्यावर, एकेका पेराशी तीन-तीन अशा कळ्या, आणि खालच्या पेरावर उमललेली सहा पाकळ्यांची शुभ्र फुले, त्यांत पिवळे केसर. पावसाच्या थेंबाने दांडा वाकत होता आणि थेंब निसटला की सरळ होत होता. मी त्यांच्यापुढे किती वेळ बसलो होतो ते आप्पांच्या छत्रीला ठाऊक.

उताराच्या खालच्या बाजूला एक वारली म्हातारी पानेच खुडीत होती. जमीन तिच्या घरची होती. कुळकायद्याने सासऱ्याच्या नावावर चढलेली, एवढी माहिती आप्पांनी न विचारता पुरवली. मी तिला म्हटले, "आजी, एक झाड मुळासकट काढून पाहू का?" तिने माझ्याकडे, मग आप्पांकडे पाहिले आणि विचारले, "कंपनीचा हाय का?" नाही म्हटल्यावर तिने कोयता माझ्या हाती दिला खरा, पण शेजारून हलली नाही.

फोडशी म्हणून विकल्या जाणाऱ्या पानांत निदान दोन जाती मिसळलेल्या असतात, आणि त्यांची खात्रीची ओळख जमिनीखाली असते, हा माझा बचाव होता. एका जातीत मुळे दोऱ्यासारखी बारीक निघून टोकाशी गाठ धरतात, बोराएवढा गड्डा दोऱ्याला लोंबावा तशी. बोरिवलीचे नाव लाभलेल्या जातीत मुळे बुंध्याच्या चकतीपासूनच जाड, मांसल असतात आणि टोकाकडे निमुळती होत जातात. माती झाडली तेव्हा चकतीखाली आठ मुळे, लहान मुलाच्या बोटांसारखी, एकमेकांना बिलगून होती. ओळख पटली, आणि त्याच क्षणी आपण काय केले तेही ध्यानात आले. या झाडाची सगळी मालमत्ता त्या नखाएवढ्या चकतीत असते. नुसते मूळ रुजत नाही. चकतीचा तुकडा अंगाला असेल तरच त्यातून पुढच्या मृगात कोंब येतो. बी धरते, पण रुजण्याच्या बाबतीत ते फार कंजूष. म्हणजे खणणारा जेव्हा अख्खा झुपका उचलून नेतो, मुळे सोलून वाळवतो, आणि वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी पांढरी काडी व्यापाऱ्याच्या तराजूत टाकतो, तेव्हा त्या जागेचा वारसाच संपतो. म्हातारीने झाड माझ्या हातातून घेतले, शेजारच्या दगडाच्या आडोशाला बोटांनी माती उकरून पुन्हा लावले आणि टाचेने दाबले. "आमी पाला खुडतो," एवढेच ती म्हणाली. रागाने नव्हे, पण माझे कान तापायचे ते तापले.

तिच्या बाजूचे पुरते समर्थन मात्र मी करणार नाही. फुलोऱ्याआधी पाने खुडली की त्या वर्षीचे बी गेले आणि मुळांत साठणारे अन्नही घटले. घरापुरते खुडणे रान सोसत आले. जव्हार-मोखाड्याकडे तर पहिल्या पावसातली कोवळी भाजी देवाला दाखवल्यावाचून घरात शिजवीत नाहीत, आणि त्या विलंबाने झाडाला काही दिवस अधिक मिळत असतील तर तो देवाचा उपकारच. पण मुंबईच्या पिशव्या भरण्यासाठी खुडणे हा निराळा व्यवहार आहे. त्या पिशव्यांत माझीही एक होती.

गवताविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हा उतार समजणार नाही. वरकस म्हणून ज्या जमिनीची दप्तरात नोंद, तिच्यावर नाचणी-वरी पिके, नाहीतर गवत. आणि हे गवत फुकटची संपत्ती नव्हते. मुंबईच्या तबेल्यांना लागणारा चारा ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यातून जाई, सावकार आणि जमीनदार त्यावर गबर झाले, आणि कापणाऱ्या वारल्याला जे मिळे त्याला मजुरी म्हणणे हा भाषेचा अपमान होता. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये दर मागितला आणि विळे खाली ठेवले. त्या ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्यांवर गोळीबार झाला. ज्या गवतासाठी हे घडले ते गवत दर वर्षी पावसाळा सरल्यावर कापले जाई, तोवर मुसळीची पाने पिवळी पडून ती जमिनीखाली निजलेली असे, आणि विळ्याचे पाते तिच्यावरून निघून जाई. कापणीमुळे झुडपे माजत नव्हती, उतार उघडा राहत होता. झाडाचे बिऱ्हाड अशा रीतीने माणसांच्या एका कठोर व्यवहाराच्या पोटात निर्वेध चालले होते. हे लिहिताना मला संकोच होतो, पण तसे होते खरे.

मग एक काळ मुसळीच्या लागवडीचा आला. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि नव्याच्या आरंभी "पांढरे सोने" म्हणून तिचा डांगोरा पिटला गेला, शेतकऱ्यांनी कर्ज काढून बेणे विकत घेतले, आणि बेणे विकणारे तेवढे श्रीमंत झाले. भाव कोसळल्यावर शेते मोडली. लागवडीमुळे रानावरचा भार कमी होतो असे म्हणतात, आणि तत्त्वतः ते बरोबर आहे. पण मागणीला जेव्हा ऊत येतो तेव्हा पहिले बेणेही रानातूनच येते.

परतताना आप्पा बराच वेळ गप्प होते. महामार्गाकडे उतरणाऱ्या पायवाटेवर, नुकत्या रोवलेल्या एका सिमेंटच्या खुंटापाशी थांबून त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी वनस्पतींवरच्या कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते. आजीच्या त्या गटात भाताची खाचरे ही जिराईत. गवताचा पट्टा वरकस. आणि आम्ही जिथे गुडघे टेकले तो मुरमाड, दगडी काठ म्हणजे पोटखराबा. लागवडीस अयोग्य, म्हणून आकार माफ. हा वनखात्याचा नाही, म्हणून जंगल म्हणून त्याची राखण नाही. आणि शेताचा असून शेत नाही, म्हणून पीकपाहणीत त्याच्या रकान्यापुढे रेघ. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर असा वर्ग 'अ' चा खराबा सपाट करून लागवडीखालच्या क्षेत्रात घालून घेता येतो, आणि पुष्कळांनी अर्ज केलेही. या पट्ट्यातून मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग गेला, बडोद्याचा द्रुतगती मार्ग जातो आहे, वेगवान रेल्वेचे बोईसरला स्थानक होणार आहे. त्या प्रत्येकाच्या संपादनात पंच आले, त्यांनी आंबे मोजले, साग मोजले, ताड मोजले, विहीर मोजली, पडवी मोजली. "मी स्वतः मोजली आहेत," आप्पा म्हणाले, "आणि मोबदल्याच्या तक्त्यात फुटाखालच्या झाडाला रकानाच नसतो. मुसळी आहे असे मी लिहिले असते तरी लिहायचे कुठे?"

बोईसरला परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सकाळच्या बायका उठून गेल्या होत्या. एकटी एक उरली होती, तिच्याकडून मी दोन जुड्या घेतल्या. त्या रात्री आप्पांच्या घरी पाने उकलून आतला चिवट दांडा काढून टाकला, चार पाण्यांनी माती धुतली, बारीक चिरून भिजवलेली मुगाची डाळ, कांदा आणि लसूण घालून भाजी झाली. चव कांद्याच्या पातीच्या जवळची, पण तिच्याहून सौम्य. दुसऱ्या जुडीत तीन झाडे चकतीसकट उपटून आलेली होती. ती आप्पांच्या कुंडीत लावली, आणि त्यांतली दोन पुढच्या मृगात उगवली, असे त्यांचे पत्र आहे.

त्याच पत्रासोबत त्यांनी आजीच्या गटाच्या ताज्या सातबाराची नक्कल पाठवली. पोटखराबा वर्ग 'अ' या सदराखाली गेल्या वर्षापर्यंत चौदा गुंठे होते. आता तिथे शून्य आहे, आणि लागवडीयोग्य क्षेत्र चौदा गुंठ्यांनी वाढले आहे.